शास्त्रीय संगीतातून वेब डेव्हलपमेंटकडे: सोलापुरातल्या कलाकाराने काय, किती आणि कोणत्या क्रमाने शिकावे

विशारद झालेले, संध्याकाळी शिकवण्या घेणारे, गणपती, नवरात्र आणि दिवाळी पहाटेला बऱ्यापैकी कमावणारे आणि उन्हाळ्यात हात राखून खर्च करणारे कलाकार सोलापुरात पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना वेब डेव्हलपमेंटमध्ये यायचे आहे त्यांच्यासाठी हा आराखडा आहे. काही गोष्टी गृहीत धरल्या आहेत: इंजिनिअरिंगची पदवी नाही, सकाळ-दुपार मोकळी आहे, रोज तीन तास देता येतील आणि बिऱ्हाड उचलून लगेच पुण्याला जाणे शक्य नाही.

आठवड्याला सहा दिवस, रोज तीन तास दिले तर पहिल्या पगाराच्या कामापर्यंत साधारण १२ ते १५ महिने धरा. तीन महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या जाहिराती दिसतील. ज्या गायकाने "तीन महिन्यांत यमन" शिकवणाऱ्याकडे कधी पाहिले नाही, त्याने तिकडेही पाहू नये.

रियाजाची सवय घ्या, रियाजाची पद्धत सोडा

रोज ठरलेल्या वेळी बसणे, एकच पलटा शंभर वेळा घोटणे, संथ लयीत पक्के करून मग लय वाढवणे, या सवयी इथे सोन्यासारख्या आहेत. पण दोन गोष्टी आड येतात आणि त्या भल्याभल्यांना अडवतात.

पहिली गोष्ट नकलेची. गुरूने घेतलेली जागा तशीच्या तशी गळ्यातून काढणे हे गाण्यात शिकणेच असते. व्हिडिओत दिसणारा कोड तसाच्या तसा टाइप करणे म्हणजे मात्र काहीच शिकणे नव्हे. पान चालते, समाधान मिळते, आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या फाइलसमोर हात थांबतात. उपाय सोपा आणि कंटाळवाणा आहे. वीस मिनिटांचा व्हिडिओ पाहा, बंद करा, तेच पान आठवून स्वतः लिहा. अडलात की एमडीएन या वेबच्या संदर्भ-संकेतस्थळावर शोधा, व्हिडिओ पुन्हा उघडू नका. एआयच्या मदतनिसांनाही हाच नियम लावा: पहिले सहा महिने त्यांच्याकडून कोड लिहून घेऊ नका, एररचा अर्थ तेवढा विचारा. शिवाय पाठांतराची गरज नाही. कोणता गुणधर्म कसा लिहायचा हे दहा वर्षे काम केलेले लोकही शोधूनच लिहितात.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. कच्चे ऐकवायचे नाही, गुरूंनी सांगितल्याशिवाय मैफलीत बसायचे नाही, हा आपला संस्कार. वेबच्या कामात कच्चेच दाखवायचे असते. पहिल्या आठवड्यात, दोन परिच्छेद आणि एक फोटो असलेले ओबडधोबड पान इंटरनेटवर चढवा आणि चार जणांना दुवा पाठवा. जो माणूस "आधी सगळे शिकतो, मग दाखवतो" म्हणतो त्याला चौदाव्या महिन्यात कळते की मोबाइलवर त्याचे पान आडवे सरकते आहे. लाल अक्षरांतली एरर म्हणजे बेसूर लागलेला स्वर नव्हे. ती दिवसातून पन्नासदा येते आणि बहुतेकदा चूक कोणत्या ओळीत आहे तेही सांगते. पहिली ओळ नीट वाचायची सवय लावली तरी निम्मे काम होते.

सामान

आठ जीबी रॅम हा किमान आकडा, सोळा असेल तर उत्तम. २५६ जीबीची एसएसडी हवीच. हार्ड डिस्कवाला जुना लॅपटॉप स्वस्त मिळतो, पण त्यावर कोड लिहायचा एडिटर आणि ब्राउझर एकत्र उघडले की तंबोरा लावून होईपर्यंत वाट पाहावी लागते. जुना घेणार असाल तर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर पाहा, कारण विंडोज ११ त्याखाली अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याहून जुने यंत्र घरात असेल तर त्यावर लिनक्स टाका, शिकायला पुरते. दुकानातच प्रत्येक कळ दाबून पाहा आणि बॅटरीवर अर्धा तास चालवून मगच पैसे द्या.

राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, पण अडॅप्टरवरचा अँपिअरचा आकडा बघून मगच घ्या. वीज गेली तरी लॅपटॉप चालतो, अडतो तो राउटर. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असताना वरच्या मजल्यावरच्या खोलीत लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. तो बिघाड नसतो. त्या दोन महिन्यांत बैठक सकाळी साडेसात ते साडेदहा ठेवा आणि गळ्याचा रियाज त्याआधी उरका.

सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत. व्हीएस कोड हा एडिटर, क्रोम, फायरफॉक्स आणि गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन) एवढ्यावर वर्ष निघते. अभ्यासक्रमही फुकट आहेत: फ्रीकोडकॅम्प किंवा द ओडिन प्रोजेक्ट, दोहोंपैकी एकच धरा. घराणे बदलत राहिल्याने गायकाचे जे होते तेच इथे होते. पैसे भरून क्लास लावायचाच असेल तर फुकटच्या साहित्यावर तीन महिने टिकून मग लावा.

आठवड्यांचा हिशेब

एचटीएमएल, म्हणजे पानाचा सांगाडा लिहायची भाषा, हिला तीन आठवडे पुरतात. शीर्षके, याद्या, तक्ता, फॉर्म, ध्वनीचा टॅग. पहिल्याच दिवशी दोन सवयी लावा: अक्षरसंच यूटीएफ-८ असल्याचे लिहायचे, नाहीतर मराठी मजकुराच्या जागी चित्रविचित्र चिन्हे उमटू शकतात, आणि भाषेच्या गुणधर्मात मराठीचा कोड द्यायचा. दुसऱ्यामुळे मराठी वळण सामावलेल्या फाँटमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाहीत.

गिट याच तीन आठवड्यांत शिकून घ्या, पुढे ढकलू नका. रोज बसणे संपवताना एक कमिट, म्हणजे त्या दिवसाच्या बदलांची नोंद. गिटहब पेजेस या सेवेवर पान फुकट चढते. इथे हमखास होणारी चूक: तुमच्या विंडोजवर फोटो दिसतो, चढवल्यावर गायब. कारण विंडोज फाइलच्या नावात लहान आणि कॅपिटल अक्षरांत फरक करत नाही, सर्व्हर करतो. सगळी नावे लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहिली की हा ताप संपतो.

सीएसएस, म्हणजे पानाचे रूप आणि मांडणी ठरवणारी भाषा, हिला सहा आठवडे. बॉक्स मॉडेल, फ्लेक्सबॉक्स, ग्रिड आणि मीडिया क्वेरी. देवनागरीसाठी ओळींची उंची १.६ ते १.८ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. अक्षरांमधले अंतर वाढवणारा गुणधर्म मराठी मजकुराला कधी लावू नका, शिरोरेषा तुटते. इंग्रजी नमुन्यावरून उचललेल्या सुंदर मथळ्यांची मराठीत जी दशा होते ती बहुतेक यामुळेच.

मग पानाला कामाला लावणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेचे चौदा आठवडे. इथे घाई केली की पुढे सगळे ढासळते. व्हेरिएबल, फंक्शन, ॲरे (क्रमाने ठेवलेली यादी), ऑब्जेक्ट (नावांसकट ठेवलेली माहिती), पानावरचे घटक बदलणे, आणि शेवटी प्रॉमिस व असिंक (उशिरा येणाऱ्या उत्तराची वाट पाहण्याची सोय). यातल्या साधारण दहाव्या ते चौदाव्या आठवड्यात पुष्कळ जण सोडतात, कारण कोड लिहिलेल्या क्रमाने चालत नाही हे पचायला वेळ लागतो. त्या काळात नवीन विषय बंद ठेवून खालचा दुसरा प्रकल्प करा.

त्यानंतर रिॲक्टला (पडद्यावरचे भाग बांधायची जावास्क्रिप्टची लायब्ररी) आठ आठवडे, नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवण्यासाठी) आणि एसक्यूएलला (डेटाबेसची भाषा) आठ. टायपिंग पहिल्या दिवसापासून रोज वीस मिनिटे, कळपट्टीकडे न बघता. हार्मोनियमवाल्यांना हे लवकर जमते.

पहिला प्रकल्प: बंदिशीचे पान

पाठ असलेली एक पारंपरिक बंदिश भातखंडे पद्धतीने लिहून पानावर मांडा. नवीन रचनाकारांच्या बंदिशी आणि गुरूंची ध्वनिमुद्रणे परवानगीशिवाय चढवू नका. तीनताल असेल तर सोळा मात्रांसाठी ग्रिडचे सोळा रकाने. मोबाइलची रुंदी बहुधा ३६० पिक्सेलच्या आसपास असते, म्हणजे एका मात्रेला जेमतेम २२ पिक्सेल. त्यात "सारेगम" मावत नाही. म्हणून अरुंद पडद्यावर चार-चार मात्रांचा एक खंड एका ओळीत घ्या. मांडणी आपसूक तालाच्या खंडांप्रमाणे होते आणि वाचणाऱ्याला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधावी लागत नाही.

कोमल स्वराखालची आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ यांसाठी युनिकोडमध्ये अनुदात्त आणि उदात्त ही चिन्हे आहेत, क्रमांक ०९५२ आणि ०९५१. वेदपाठासाठी ठेवलेली ही चिन्हे स्वरलिपीला चालून जातात: रे॒, ग॒, म॑. तार सप्तकाच्या टिंबासाठी मात्र अनुस्वार वापरू नका. दिसायला ठीक दिसेल, पण पुढे हाच मजकूर कोडने वाचायचा झाला की "सां" हे वेगळेच अक्षर ठरते. ते टिंब सीएसएसने काढा.

दुसरा प्रकल्प: ठेका वाजवणारे पान

या कामावर सहा आठवडे गेले तरी चालतील, कारण मुलाखतीत याच्यावरच बोलणे होणार आहे. बाकी उमेदवार कामांची यादी दाखवतात आणि त्या याद्या एकमेकींसारख्या असतात. तुमच्याकडे असा प्रकल्प आहे ज्यातली चूक तुम्हाला कानाने सापडते.

आधी ताल माहितीच्या रूपात लिहा. प्रत्येक मात्रेचा एक ऑब्जेक्ट: बोल, खंडाची सुरुवात आहे का, टाळी की काल (टाळी न देता हात उघडा ठेवायची जागा). झपताल दहा मात्रांचा, खंड २-३-२-३, काल सहाव्या मात्रेवर. एकतालाच्या बारा मात्रा, दोन-दोनचे सहा खंड, काल तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. ॲरेची मोजणी शून्यापासून होते, त्यामुळे तीनतालाचा काल नवव्या मात्रेवर असला तरी कोडमध्ये तो आठ क्रमांकाला सापडेल. आवर्तन संपून समेवर येणे हे भागाकाराच्या बाकीने करा: मात्राक्रमांकाला एकूण मात्रांनी भागले की बाकी शून्य आली तेव्हा सम.

आता रूपक घाला. पहिली मात्रा म्हणजे टाळी असे तुम्ही कोडमध्ये कुठेतरी गृहीत धरलेले असणारच, आणि रूपकाची सम कालावर आहे. पान चुकीची खूण दाखवेल. नियम कोडमध्ये कोंबायचे नसतात, माहितीत ठेवायचे असतात, हा धडा पुस्तकात वाचून कळत नाही तो सात मात्रांत कळतो.

खरी अडचण लयीची. पहिला प्रयत्न सगळेच सेटइंटरव्हल या जावास्क्रिप्टच्या टायमरने करतात. ६० ची लय म्हणजे मात्रेला एक सेकंद, तर दर हजार मिलिसेकंदांनी आवाज वाजवा. दोन-तीन मिनिटांत ठेका हलतो. तबलजीला तर तिसऱ्या आवर्तनातच खटकेल. कारण हा टायमर "इतक्या वेळाने नक्की" असे वचन देत नाही, "इतक्या वेळानंतर, मोकळा झालो की" एवढेच म्हणतो. पडदा रंगवणे, बोट सरकवणे, सगळे त्याच रांगेत उभे असते. टॅब मागे गेला तर ब्राउझर त्याला आणखी मंदावू शकतो.

वेब ऑडिओ या ब्राउझरच्या ध्वनीच्या सोयीत ध्वनीचे स्वतंत्र घड्याळ असते आणि पुढच्या नेमक्या क्षणी आवाज वाजवण्याची नोंद त्यात आधीच करून ठेवता येते. म्हणून दोन्ही एकत्र वापरा. साधा टायमर दर २५ मिलिसेकंदांनी उठतो, पुढच्या १०० मिलिसेकंदांत एखादी मात्रा येते का ते पाहतो, आणि येत असेल तर ती ध्वनीच्या घड्याळात नोंदवतो. टायमर थोडा उशिरा उठला तरी नोंद आधीच झालेली असते. पुढच्या मात्रेची वेळ काढताना ६० भागिले लय ही रक्कम मागच्या मात्रेच्या ठरलेल्या वेळेत मिळवा, "आत्ताच्या" वेळेत नको. नाहीतर प्रत्येक उशीर साठत जातो आणि ठेका पुन्हा रेंगाळतो.

पान उघडल्याबरोबर आवाज येत नाही म्हणून पुष्कळ जण डोके धरून बसतात. वापरणाऱ्याने कुठेतरी दाबल्याशिवाय ब्राउझर आवाज सुरू करू देत नाही. "सुरू" या बटणावरच ऑडिओला जागे करा.

खाली तंबोरा जोडायचा असेल तर ए स्वर ४४० हर्ट्झ मानून काळी एकचा षड्ज २७७.१८ हर्ट्झ येतो. पंचमासाठी हार्मोनियमच्या हिशेबाचा आकडा, ४१५.३०, घेऊ नका. षड्जाला दीडने गुणा: ४१५.७७. फरक अर्ध्या हर्ट्झहून कमी, पण आवाज हळूहळू कमी-जास्त होत राहतो त्यातून तो ऐकू येतो, आणि मुलाखतीत हे सांगताना समोरचा माणूस बहुतेक कागद बाजूला ठेवतो.

तिसरा प्रकल्प: शिकवणीची हजेरी आणि फी

लॉगिन, डेटाबेस, महिन्याचा हिशेब. विद्यार्थी तुमचेच, त्यामुळे वापरून बघणारे पालक आयते मिळतात. फी पूर्णांकात साठवा. आकडे मराठीत दाखवायला ब्राउझरची स्वतःची सोय आहे, मराठी-भारत असे सांगितले की अंक देवनागरीत येतात. मुलांची नावे आणि पालकांचे फोन नंबर उघड्या रेपॉझिटरीत (गिटमधल्या कोडच्या साठ्यात) कधीही टाकू नका, चाचणीसाठी बनावट नोंदी करा. डेटाबेसचा पासवर्ड चुकून कमिट झाला तर पुढच्या कमिटमध्ये पुसून उपयोग नाही, जुन्या कमिटमध्ये तो तसाच राहतो. पासवर्डच बदला.

इंग्रजीची अडचण

मराठी माध्यमातून आलेल्यांना भीती बोलण्याची वाटते, पण रोजचे काम वाचण्याचे असते. आणि त्यातले शब्द मोजके आहेत, तेच ते पुन्हा येतात. एरर मोठ्याने वाचा, न कळलेला शब्द वहीत घ्या. चार महिन्यांत वहीत नवीन भर पडायची थांबते. बोलण्यासाठी तिन्ही प्रकल्पांचे पाच-पाच मिनिटांचे वर्णन इंग्रजीत तयार ठेवा आणि फोनवर मुद्रित करून ऐका. आपलेच गाणे ऐकायची सवय असलेल्याला हे जड नाही.

सोलापुरात पहिले काम

चादरी आणि टेरी टॉवेलचे कारखानदार, गणवेश शिवणारे, दवाखाने, मंगल कार्यालये. त्यांच्यापैकी पुष्कळांचे पान जुने असते, किंवा नुसता व्हॉट्सॲप क्रमांक असतो. शहरात मराठीच्या बरोबरीने तेलुगू आणि कन्नड चालते. पूर्व भागातल्या दुकानाला तेलुगू पान देऊ शकणारा माणूस वेगळा उठून दिसतो. मजकूर त्या भाषेच्या जाणत्याकडून लिहून घ्या, भाषांतराच्या यंत्रावर सोडू नका. तेलुगूलाही ओळींची उंची जास्त लागते.

पैशांचे बोलणे बिदागीसारखे संकोचाने करू नका. कागदावर लिहा: पाने किती, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, मजकूर आणि फोटो कोण देणार, कधीपर्यंत. निम्मी रक्कम आधी. काम रखडते ते बहुतेक वेळा कोडमुळे नाही, मालकाने फोटो न दिल्यामुळे. म्हणून "फोटो मिळाल्यापासून पंधरा दिवसांत" असे लिहा. मोबाइलने काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो. तो १२०० पिक्सेल रुंद, वेबपी स्वरूपात, २०० केबीच्या आत आणा. डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) गिऱ्हाइकाच्या नावाने आणि त्याच्याच ईमेलवर घ्या. तुमच्या नावावर घेतलेले डोमेन दोन वर्षांनी भांडणाचे मूळ होते. सेवांसाठी जीएसटीची नोंदणी साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, त्यामुळे सुरुवातीला त्याचा घोर नको.

नोकरी

मोठ्या कंपन्यांची चाळणी पदवीवरच अडवते, त्यात वेळ घालवू नका. पुण्यातल्या दहा ते पन्नास माणसांच्या कंपन्यांना अर्ज करा. आठवड्याला दहा अर्ज, प्रत्येकासोबत ठेक्याच्या पानाचा दुवा. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघून त्याच दिवशी परतता येते, म्हणून मुलाखतीची वेळ दुपारी बारा ते तीन मागा. हैदराबादही दूर नाही, विसरू नका. पदवीच नसेल आणि बारावी झाली असेल तर इग्नूची बीसीए कामासोबत करता येते.

बायोडेटात संगीताची वर्षे लपवू नका आणि मिरवूही नका. "आठ वर्षे तीस विद्यार्थ्यांना शिकवले, परीक्षांना बसवले, वेळापत्रक व हिशेब सांभाळला" अशी एक ओळ लिहा, आकडे अर्थातच खरे. पुरस्कारांची यादी नको. मुलाखतीत समोर कोड लिहायला सांगतात तेव्हा मंचाची सवय असलेले कलाकार घाबरत नाहीत, पण गप्प बसून लिहितात. तिथे विचार बोलून दाखवायचा असतो: आता हे करतोय, कारण असे, इथे अडलो. जावास्क्रिप्टमधले क्लोजर आणि इव्हेंट लूप, फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिडमधला फरक, हे प्रश्न येतातच.

पहिला पगार शिकवण्यांच्या कमाईपेक्षा कमी असू शकतो. पुण्यातले भाडे, मेस आणि महिन्यातून दोनदा सोलापूर, एवढे वजा करून काय उरते ते होकार देण्याआधी मांडा. बाजूला सहा महिन्यांचा घरखर्च असावा, आणि तो हंगामाच्या महिन्यांतच साठवायचा असतो.

हात आणि गळा

तबलजी, सतारिये आणि संतूरवाले यांनी टायपिंगनंतर लगेच वाजवायला बसू नये, किमान तासाभराचे अंतर ठेवावे. मनगट कळपट्टीच्या कडेवर टेकवून टाइप केले की ज्या शिरा रियाजात ताणल्या जातात त्याच दुखतात. दर ४५ मिनिटांनी उठा. मांडी घालून लॅपटॉप मांडीवर ही बैठक गाण्याला ठीक, इथे मान जाते. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके आणि बाहेरचा कीबोर्ड एवढ्याने भागते.

शिकवण्या कधी सोडायच्या

नियुक्तीपत्र हातात पडेपर्यंत एकही तुकडी बंद करू नका. त्यानंतरही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या तोंडावर सोडू नका. गांधर्व महाविद्यालय मंडळाची सत्रे एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरला असतात, तर रुजू होण्याची तारीख त्यानंतरची मागा. महिनाभर थांबायला छोट्या कंपन्या सहसा तयार होतात. थांबत नसतील तर उरलेला अभ्यास ऑनलाइन घ्या, पण स्वर लावून घेण्याचे काम ऑनलाइन करू नका, आवाज उशिरा पोहोचतो आणि साथ जुळत नाही. नवशिक्यांना ओळखीच्या शिक्षकाकडे सोपवताना प्रत्येकाची पट्टी, झालेले राग आणि अर्धवट राहिलेली बंदिश एका कागदावर लिहून द्या. फी आगाऊ घेतली असेल तर न घेतलेल्या तासांची रक्कम त्याच आठवड्यात परत करा.